कार अपघातानंतर भरपाईचा दावा: कॅज्युअल्टीपासून न्यायाधिकरणापर्यंत

मोटार अपघाताचा दावा सुनावणीला येईपर्यंत रस्त्यावरच्या काचा कधीच झाडून नेलेल्या असतात आणि गाड्या दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागलेल्या असतात. ‘मी पाहिलं’ म्हणणारा रिक्षावाला तर कुठे गेला, कुणालाच ठाऊक नसतं. न्यायाधीशांपुढे फक्त कागद असतात. त्यातले बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत, घरचे दवाखान्याच्या धावपळीत असताना, भलत्याच लोकांच्या हातून लिहिले गेलेले असतात. म्हणून वकील गाठण्याआधी काय करायचं, यावर इथे जरा जास्त लिहिलं आहे. कायदा देशभर एकच असला तरी उदाहरणं मुंबई-पुण्यासारख्या महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांची आहेत.

कॅज्युअल्टीत काय लिहिलं गेलं

आधी उपचार. ११२ किंवा १०८ ला फोन करा. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्ताला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. गाडीचा विमा आहे की नाही, चूक कुणाची, हे तिथे पाहिलं जात नाही. पूर्ण उपचार योजनेतल्या नेमलेल्या रुग्णालयातच होतात. दुसरीकडे नेलं तर रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरतेच. तेव्हा दाखल करतानाच ‘हे रुग्णालय योजनेत आहे का’ हे विचारा. रुग्णाला घेऊन येणाऱ्या तिऱ्हाइताने नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिलेलं आहे.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर केसपेपरवर ‘हिस्ट्री’ लिहितो, दोन ओळींची. पुढे विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी हाच कागद उघडतो. पोलिसांचं झंझट नको म्हणून नातेवाईक ‘जिन्यावरून पडले’ असं सांगून मोकळे होतात आणि तेवढ्या एका वाक्यावर लाखोंचा दावा अडतो. हिस्ट्रीत अपघाताची वेळ, जागा, धडक कुठल्या प्रकारच्या वाहनाने दिली आणि माहीत असेल तर त्याचा नंबर आला पाहिजे. जखमी चालत होता, दुचाकीवर मागे बसला होता की गाडीत होता, तेही हवं. ही मेडिको-लीगल केस (एमएलसी, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारं प्रकरण) म्हणून नोंदवून घ्या आणि एमएलसी नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. महिन्याभराने तो शोधायचा म्हटलं तर रेकॉर्ड रूमच्या चार फेऱ्या होतात.

रस्त्यावर: आधी लांबून फोटो, मग जवळून

शहरात वाहतूक पोलीस गाड्या झटपट बाजूला घेतात, आणि ते चूकही नाही; मागे दोन किलोमीटर रांग लागलेली असते. त्यामुळे हाताशी दोनच मिनिटं आहेत असं समजा. लोक घाईत चेपलेल्या दरवाज्याचे दहा फोटो काढतात. दरवाजा गॅरेजमध्येही तसाच राहणार आहे. गाड्या रस्त्यावर कशा उभ्या होत्या, हे मात्र पुन्हा दिसणार नाही. म्हणून पहिले तीन-चार फोटो लांबून, दोन्ही वाहनं, दुभाजक, सिग्नल आणि ओळख पटेल असं काहीतरी (दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा क्रमांक) एकाच चौकटीत येईल असे काढा. मग ब्रेकच्या खुणा, काचा आणि तेल जिथे सांडलं ती जागा. नंबर प्लेट सगळ्यात शेवटी, पण प्रत्येक वाहनाची.

समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि विम्याची पॉलिसी यांचे फोटो मिळाले तर उत्तम. नाही म्हणाला तर हुज्जत घालत बसू नका. नंबर हाती असला की वाहनाची नोंदणी कुठली आणि विमा कधीपर्यंतचा आहे हे एमपरिवहन ॲपवर दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे पोलीस आणि आरटीओ यांनी चालक, मालक व विमा कंपनीचा तपशील दावेदाराला द्यायलाच हवा. आरसीवर जुन्याच मालकाचं नाव असेल तर घाबरू नका. ‘गाडी विकली, कागद व्हायचे होते’ म्हणून नोंदणीकृत मालक सुटत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. दाव्यात जुना आणि नवा, दोन्ही मालक सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करावेत.

‘आपसात मिटलं, तक्रार नाही’ अशा चिठ्ठीवर त्या दिवशी सही करू नका. पाच हजार घेऊन घरी गेलेल्याचा घोटा दुसऱ्या दिवशी सुजतो, एक्स-रेत फ्रॅक्चर निघतं आणि ती चिठ्ठी मात्र समोरच्याच्या खिशात असते.

एफआयआर: वाचून सही

गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली दाखल होतो. निष्काळजी वाहन चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी १२५, मृत्यू झाला असेल तर १०६(१). हद्दीवरून टोलवाटोलवी सुरू झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. ठाणे अंमलदार नुसती डायरीत नोंद घेऊन परत पाठवत असेल तर वरिष्ठ निरीक्षकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही काही हललं नाही तर तोच अर्ज पोस्टाने उपायुक्तांकडे. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

फिर्याद लिहिणारा हवालदार ठरलेल्या साच्यात लिहितो: ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’. साच्याला हरकत नाही, पण त्यात तुमच्या अपघाताचा तपशील हवा. धडक मागून बसली की बाजूने, सिग्नल कुणाला होता, जखमी झेब्रा क्रॉसिंगवर होता का. आणि नंबर. ‘एमएच ०२’चा ‘एमएच ०३’ होणं, किंवा शेवटच्या चार आकड्यांत सहा-नऊची अदलाबदल, हे नेहमीचं आहे. ते दुरुस्त करायला सहा महिने लावले की विमा कंपनी ‘विमा असलेली गाडी मागाहून घुसवली’ असा आरोप करते. चूक दिसली की त्याच आठवड्यात पुरवणी जबाब द्या. फिर्याद उशिरा झाली एवढ्यावरून दावा पडत नाही, पण उशिराचं कारण त्यात लिहिलेलं हवं: रुग्ण अतिदक्षता विभागात होता, वगैरे.

घटनास्थळ पंचनाम्याचा नकाशाही पाहा. रस्त्याची रुंदी किती, धडक कडेपासून किती फुटांवर झाली, रक्त आणि काचा कुठे, हे त्यात असतं. तुमचीही चूक होती असं ठरवून रक्कम वीस, तीस, पन्नास टक्के कापली जाते ती बहुतेक या नकाशाच्या जोरावर. नकाशा चुकीचा वाटला तर तपास अंमलदाराला लेखी कळवा. तुमचे लांबून काढलेले फोटो इथेच उपयोगी पडतात.

सीसीटीव्हीचं फुटेज सोसायट्या आणि दुकानांतल्या यंत्रांत पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात पुसलं जाऊन त्यावर नवं भरतं. दुसऱ्याच दिवशी त्या पट्ट्यात एक फेरी मारा, कुठले कॅमेरे रस्त्याकडे आहेत ते पाहा आणि तपास अंमलदाराला दुकानांच्या नावांसह अर्ज द्या. दुकानदाराने स्वतःहून पेनड्राइव्हवर कॉपी दिली तर सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (ही कॉपी त्याच यंत्रातून काढली असं सांगणारं) प्रमाणपत्र घ्या. त्याशिवाय ती पुराव्यात घेताना हरकत येते. मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून आणलेलं फुटेज जवळपास निरुपयोगी.

पोलिसांचं वेळापत्रक

१ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताची माहिती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत पोहोचवणं हे पोलिसांचं काम आहे. प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत. मधल्या काळात चालक आणि मालकाने ३० दिवसांत, आणि पीडिताने ६० दिवसांत आपापले नमुने भरून द्यायचे. पीडिताला त्याचे हक्क सांगणारा ‘नमुना २’ पोलिसांनी दहा दिवसांत द्यायचा आहे. मिळाला नसेल तर मागा. सविस्तर अहवाल आल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत रकमेचा प्रस्ताव ठेवायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) प्रमाणे हा अहवालच दावा अर्ज मानता येतो.

कागदावर हे सगळं छान आहे. मोठ्या शहरातल्या ठाण्यात एका तपास अंमलदाराकडे बंदोबस्तापासून चोऱ्यांपर्यंत सगळंच असतं, त्यामुळे तारखा पुढे सरकतात. पीडिताचा नमुना मात्र वेळेवर आणि पूर्ण भरून द्या, कारण उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं आणि खर्च यांचे आकडे तिथे पहिल्यांदा नोंदले जातात. नमुन्यात पगार वीस हजार आणि पुढे साक्षीत चाळीस हजार म्हटलं, तर उलटतपासणीत उत्तर देता देता घाम फुटतो.

पोलिसांच्या अहवालावर विसंबून स्वतःचा अर्ज थांबवू नका. कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी तो अंतरिम आहे. शहाणा माणूस सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकतो, कागद अपुरे असले तरी. बाकीचे नंतर जोडता येतात.

दार कुठलं ठोठवायचं

इथे लोक गोंधळतात, कारण ‘क्लेम’ हा एकच शब्द चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरला जातो.

समोरच्याची चूक होती आणि तुम्ही जखमी झालात, किंवा घरचं माणूस गेलं: कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे वकिलांच्या भाषेत एमएसीटी. शरीराच्या हानीसाठी तृतीय पक्ष (थर्ड पार्टी) विम्याला रकमेची मर्यादा नाही. वस्तूंच्या नुकसानीला आहे: कारच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाख, दुचाकीच्या एक लाख. मालकाने हप्ता वाचवायला ती मर्यादा सहा हजारांवर आणलेली असू शकते. तसं असेल तर वरची रक्कम मालकाच्या खिशातून.

चूक सिद्ध करणं अवघड आहे: कलम १६४. यात चूक दाखवावी लागत नाही. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. पण ती विमा कंपनीच्या प्रक्रियेतून स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. घर चालवणारा तरुण गेला असेल आणि हातात एफआयआर असेल, तर घाईत हे पाच लाख घेणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. पुढे दिलेला हिशेब पाहिला की फरक कळेल.

गाडी पळून गेली, नंबरच नाही: हिट अँड रन योजना, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. न्यायाधिकरणात जायचं नाही. त्या उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात, नमुना १ आणि हमीपत्राचा नमुना ४ भरून द्यायचा. सोबत ओळखपत्र, बँक पासबुकाची प्रत, एफआयआर आणि वैद्यकीय कागद. या योजनेची माहिती खुद्द ठाण्यातच अनेकांना नसते, त्यामुळे मागणारेही कमी.

तुम्हीच गाडी चालवत होता आणि दुभाजकावर आदळलात: स्वतःच्या विमा कंपनीपुढे तुम्ही ‘तिसरे’ नाही, त्यामुळे १६६ चा रस्ता बंद. मालक-चालकासाठीच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यातून १५ लाखांपर्यंत मिळू शकतात, मात्र त्या वेळी वैध लायसन्स हवं. तुमच्या गाडीतल्या प्रवाशांना पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारी) असेल तर संरक्षण आहे; नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीतल्या प्रवाशाला विमा कंपनीकडून काही मिळत नाही, मालकावर दावा करावा लागतो. स्वस्तातली पॉलिसी घेताना हे कुणीही सांगत नाही.

बसने धडक दिली: सार्वजनिक परिवहन उपक्रमांना कलम १४६ खाली विम्यातून सूट मिळू शकते. अशा वेळी सामनेवाला थेट उपक्रमच असतो, विमा कंपनी शोधत बसू नका.

खड्डा: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख, जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, सोबत मोजपट्टी किंवा निदान पाण्याची बाटली ठेवून. दुसऱ्या रात्री तो बुजवलेला असू शकतो.

रक्कम कशी ठरते

मृत्यूच्या दाव्याचं गणित सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी बरंचसं पक्कं करून टाकलं आहे. एक उदाहरण सोडवून पाहू.

वय ३४, कायम नोकरी, आयकर वजा जाता पगार महिना ३०,०००. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचं उत्पन्न ३,६०,०००. कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवा: ५,४०,०००. चार जण अवलंबून, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: ४,०५,०००. ३१ ते ३५ वयोगटाचा गुणक (वयाप्रमाणे ठरलेला आकडा, ज्याने वर्षाची रक्कम गुणतात) १६: ६४,८०,०००. यात साहचर्याच्या हानीचे (जवळच्या माणसाची सोबत गेल्याबद्दल) माणशी ४८,४०० प्रमाणे चौघांचे १,९३,६००, आणि मालमत्तेची हानी व अंत्यसंस्कार यांचे प्रत्येकी १८,१५०. एकूण ६७,०९,९००. मूळ आकडे ४०,००० आणि १५,००० होते. दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ होते आणि ऑक्टोबर २०२३ ला दुसरी वाढ झाली.

हाच माणूस स्वतःचा धंदा करणारा असता तर वाढ ५० ऐवजी ४० टक्के. चाळीस ते पन्नास वयात नोकरीला ३० आणि धंद्याला २५, पन्नास ते साठमध्ये १५ आणि १०. अविवाहित असेल तर स्वतःचा खर्च निम्मा धरतात. दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, सहापेक्षा जास्त असतील तर एक पंचमांश. गुणक विशी-पंचविशीत १८, चाळिशीला १५, पन्नाशीला १३, साठीला ९, पासष्टच्या पुढे ५.

सगळं गणित उभं आहे ते ‘महिना ३०,०००’ या एका आकड्यावर. पगारदाराचा प्रश्न नाही: सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, आणि मालकाच्या ऑफिसातला एक माणूस साक्षीला. रोखीच्या धंद्यात खरी अडचण. आयकर विवरण भरलेलं नसेल तर गुमास्ता, जीएसटी, यूपीआयचे हिशेब, घाऊक व्यापाऱ्याची बिलं, गाडीच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, असं जे दाखवून घरखर्चाचा अंदाज येईल ते गोळा करा. अपघातानंतर घाईने मागच्या वर्षांची विवरणपत्रं भरू नका. तारीख बघताच न्यायाधीश ती बाजूला ठेवतात, आणि उरलेल्या खऱ्या पुराव्यावरही शंका येते. काहीच नसेल तर किमान वेतन धरलं जातं. गृहिणीचं कामही शून्य धरत नाहीत. २०२१ च्या कीर्ती निकालात त्याचं मोल मानून वाढीसह भरपाई दिली आहे.

जखमीचा हिशेब: अपंगत्व हाताचं की कमाईचं

जखमीच्या दाव्यात प्रत्यक्ष खर्च (औषधं, प्रवास, पौष्टिक आहार, सोबतीला ठेवलेला माणूस), बुडालेला पगार, वेदना, पुढची शस्त्रक्रिया हे वेगवेगळे मांडायचे असतात. सगळ्यात मोठा आकडा कमाईच्या क्षमतेचा असतो, आणि तिथेच सगळ्यात मोठी चूक होते.

डॉक्टरच्या प्रमाणपत्रात ‘डाव्या पायाचं ३० टक्के कायम अपंगत्व’ असं असतं. विमा कंपनी म्हणते, हे पायाचं. संपूर्ण शरीराचं याहून कमी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाने प्रश्न वेगळाच विचारला: या माणसाचं काम काय, आणि या पायाने तो ते करू शकतो का? २८ वर्षांचा टेम्पोचालक घ्या, महिना २५,०००. वर्षाचे तीन लाख, ४० टक्के वाढ धरून ४,२०,०००, गुणक १७, म्हणजे ७१,४०,०००. जखमीच्या हिशेबात स्वतःचा खर्च वजा होत नाही. याचे ३० टक्के २१,४२,००० होतात. पण क्लच दाबताच येत नाही म्हणून चालकाचं काम सुटलं आणि कमाईची हानी ६० टक्के ठरली, तर ४२,८४,०००. अपंगत्वाचा टक्का तोच असताना रक्कम दुप्पट होते. बँकेत बसून काम करणाऱ्याला त्याच पायासाठी ३० टक्केही मिळणार नाहीत.

म्हणून प्रमाणपत्र शक्यतो ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरकडून किंवा सरकारी वैद्यकीय मंडळाकडून घ्या, तेही हाड पूर्ण जुळून प्रकृती स्थिरावल्यावर. त्यात टक्क्याच्या जोडीला ‘मांडी घालून बसता येत नाही, जिना चढता येत नाही, वाहन चालवता येत नाही’ हे लिहून घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येईल ना, हे आधीच विचारा. नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही. एका दिवसासाठी गाठलेल्या, रुग्णाला कधीच न पाहिलेल्या डॉक्टरचं ५५ टक्क्यांचं प्रमाणपत्र उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही.

बिलं मूळ हवीत. मेडिकल दुकानाची थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात. आजच झेरॉक्स काढा, मूळ बिल त्याच्या मागे टाचून ठेवा आणि तारखेनुसार यादी करा. मेडिक्लेमसाठी मूळ बिलं दिली असतील तर विमा कंपनीच्या शिक्क्याची प्रत मागून घ्या. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं आहे. आयुर्विम्याची रक्कम तर फार आधीपासून वजा होत नाही.

अर्ज, आणि विमा कंपनी काय म्हणते

अर्ज अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या, किंवा सामनेवाला राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. अपघात मुंबईत आणि कुटुंब साताऱ्यात असेल तर साताराच निवडा. तारखांना येणं-जाणं वाचतं. सामनेवाले: मालक आणि विमा कंपनी हवेतच, चालकालाही जोडलेलं बरं. दोन गाड्यांच्या धडकेत तिसरा माणूस जखमी झाला असेल तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकतो. त्यांची आपसातली वाटणी त्यांनी पाहावी. सोबत एफआयआर, पंचनामे, एमएलसी किंवा शवविच्छेदन अहवाल, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, आरसी, पॉलिसी, लायसन्स, दोषारोपपत्र. मृत्यूच्या दाव्यात रेशनकार्ड आणि मुलांचे जन्मदाखले. जखमी दावा चालू असताना वारला, अगदी दुसऱ्याच कारणाने, तरी कलम १६६(५) प्रमाणे वारस दावा पुढे चालवू शकतात.

विमा कंपनीचा लेखी जबाब बघून घाबरायला होतं: अपघातच झाला नाही, झाला असेल तर दावेदाराच्या चुकीने, लायसन्स नव्हतं, परमिट नव्हतं. सगळ्याच प्रकरणांत हाच मजकूर असतो. लायसन्सचा मुद्दा खरा निघाला तरी अनेकदा ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश होतो आणि दावेदाराला रक्कम मिळते. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणूनही दावा बुडत नाही. इथे पुरावा संशयापलीकडचा लागत नाही, काय जास्त संभवनीय आहे एवढंच पाहतात.

खर्चाबद्दल. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. रुग्णालयाच्या आवारात फिरणारे क्लेमवाले कोऱ्या वकीलपत्रावर सह्या, पासबुक आणि कधी कधी सही केलेले चेकही घेऊन जातात, आणि ‘मिळेल त्याच्या तीस टक्के’ ठरवतात. निकालाच्या रकमेत हिस्सा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी ठरवून लेखी घ्या. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, वकील कितीही ओळखीतला असो.

गाडीच्या नुकसानीचं थोडक्यात

स्वतःच्या पॅकेज पॉलिसीतून दुरुस्ती घ्यायची असेल तर गाडी उघडण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजला हात लावू देऊ नका. झीरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसेल तर रबर, प्लास्टिक, टायर यांचे निम्मेच पैसे मिळतात, फायबरला ३० टक्के घट, काचेला घट नाही. १५०० सीसीपर्यंत एक हजार, त्यापुढे दोन हजार तुमच्या खिशातून. दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, पन्नास लाखांपर्यंतचे दावे, फी नाही. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीविरुद्ध मात्र लोकपाल कामाचा नाही.

तडजोड, निकाल आणि पैसे हाती येईपर्यंत

लोकअदालतीत विमा कंपनीचे अधिकारी आकडा घेऊनच बसतात. जाण्याआधी वरचं गणित कागदावर करा आणि किती खाली यायचं ते घरी ठरवा, कारण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. व्याजही मोजा. न्यायाधिकरण साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून वर्षाला सहा ते नऊ टक्के देतं; तीन वर्षं चाललेल्या ४० लाखांच्या दाव्यात साडेसात टक्क्यांनी नऊ लाख फक्त व्याजाचे होतात. ‘व्याजासकट ४०’ आणि ‘४० अधिक व्याज’ हा फरक तडजोडीच्या पुरसिसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी वाचायचा.

निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी नसेल तर. अपील करायचं तर रक्कम भरायची जबाबदारी असलेल्याने आधी २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मे, यातली कमी रक्कम जमा करावी लागते. रक्कम कमी मिळाली म्हणून अपील करणाऱ्या दावेदाराला ही अट नाही.

रक्कम सगळी एकदम हातात येत नाही. अज्ञान मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत जातो, विधवेच्या वाट्याचाही काही भाग ठेवीत ठेवून व्याज दरमहा खात्यात देण्याचा आदेश होतो. मधेच शस्त्रक्रिया, शिक्षण, घराचं कर्ज अशी गरज पडली तर ठेव मोडायला त्याच न्यायाधिकरणात अर्ज करायचा, सोबत रुग्णालयाचं अंदाजपत्रक किंवा कॉलेजचं फीपत्रक. खातं दावेदाराच्या एकट्याच्या नावावर आणि घराजवळच्या शाखेत असावं. पासबुकावरचं, आधारवरचं आणि निवाड्यातलं नाव अक्षरशः एकच आहे ना, हे निवाड्याआधीच पाहून घ्या. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं निघालं की सगळं जिंकूनही पुढचे दोन-तीन महिने प्रतिज्ञापत्रांत जातात.